पाणी आलं का निंगते

परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, हरिसाल करत धारणीकडे निघालं की वाटेत निम्म्या गाड्या वाघाच्या असतात. म्हणजे वाघ बघायला निघालेल्यांच्या. मेळघाटला 1974 च्या फेब्रुवारीत व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक, आणि तेव्हापासून या रानाकडे येणाऱ्याची नजर जमिनीपासून तीनेक फुटांवर, वाघाच्या पाठीच्या उंचीला, अडकून बसली आहे. आमची गाडीही तशीच निघाली होती. पण जूनचा शेवट होता, पहिले तीन-चार दणके पावसाचे होऊन गेले होते, वाघ काही दिसला नाही, आणि धारणीच्या अलीकडे एका गावात चहाला थांबलो तिथं माझी नजर वीतभर उंचीवर आली.

चहा झाल्यावर गावातला एक कोरकू गडी सोबत आला. वनखात्याच्या कामावर रोजाने जाणारा, वयानं माझ्याएवढाच. प्रकल्पाच्या गाभ्यात पायी हिंडता येत नाही, म्हणून गावाच्या हद्दीतल्या, शेताला लागून असलेल्या सागाच्या रानात गेलो. सागाचा जुना पाचोळा भिजून काळा पडला होता. पापडासारखा वाजणारा पाचोळा चार पावसांत कसा गोधडीसारखा गप्प होतो, ते तिथं पायाखाली कळतं. त्या गोधडीला एके ठिकाणी भोक पडलं होतं आणि त्यातून एक दांडा वर आला होता. दीडेक वीत उंच. त्यावर दाटीवाटीनं हळदुली पिवळी फुलं, आणि शेजारी, अजून न उलगडलेल्या पानांचा सुरळीसारखा कोंब.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"कंद हाये जी," तो म्हणाला. "पाणी आलं का निंगते."

मी फुलाबद्दल विचारत होतो आणि त्यानं कंदाचं नाव सांगितलं. मला तेव्हा वाटलं, माणसाला फुलाचं नाव ठाऊक नसावं. चूक माझी होती. त्यानं त्या झाडाची नेमकी ओळख सांगितली होती. फूल ही त्या झाडाची फार छोटी बाब आहे.

ते झाड म्हणजे युलोफिया ऑक्रिएटा. मराठीत या कुळीच्या कंदांना ठिकठिकाणी अमरकंद म्हणतात. आहे मात्र ऑर्किड, आपल्या भाषेत आमरी. फुलवाल्याकडे थर्माकोलच्या पेटीतून येणारं थायलंडचं जांभळं ऑर्किड, किंवा पळसाच्या आणि मोहाच्या फांदीला बिलगून राहणारी रास्ना, ही आमरीची आपल्याला ठाऊक असलेली रूपं. झाडावरच्या आमरीला लोक सर्रास बांडगूळ म्हणतात, तेही खरं नाही. बांडगूळ झाडाच्या आतलं पाणी ओढतं, आमरी फक्त बसायला जागा मागते. पण जमिनीत राहणारी आमरीही असते, हे ऐकलं की पुष्कळांच्या भुवया वर जातात. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेनं 2019 साली देशातल्या आमरींची यादी छापली. त्यात 1,256 जाती आहेत, आणि त्यांतल्या 447 जमिनीवरच्या. म्हणजे तीनातली एक तरी मातीतली.

युलोफिया या नावाचा ग्रीक अर्थ सुंदर तुरा असलेली. फुलाची खालची पाकळी, जिला ओठ म्हणतात, तिच्यावर नांगरलेल्या वावरासारखे उंच कंगोरे असतात, त्यावरून हे नाव. मागच्या ऑक्रिएटा शब्दानं मला बरेच दिवस फसवलं. फूल पिवळं, म्हणून गेरू-पिवडीतल्या ऑकर रंगावरून नाव पडलं असेल असं मी धरून चाललो होतो. खरं मूळ लॅटिन ऑक्रियात आहे, म्हणजे रोमन शिपायाच्या नडगीवरचं चिलखत. या झाडाच्या बुडाशी पानांची आवरणं अशी घट्ट गुंडाळलेली असतात की दांडा पट्ट्या बांधून उभा आहे असं वाटावं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये बसलेल्या जॉन लिंडलीनं ते पाहून नाव दिलं. त्याच्या टेबलावर अर्थातच वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना होता. पिवळा रंग तोवर कितीसा उरला असेल? जात मात्र अस्सल इथली. भारताबाहेर ती सापडत नाही. मध्य आणि पश्चिम भारतातली पानगळीची रानं हेच तिचं घर.

आता गुडघे टेकून फुलाजवळ जाऊ.

पाचोळा बाजूला न करता, नाक फुलापासून चार बोटांवर आणलं की पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे फुलाचा देठ पिळलेला आहे, फार नाही, पण ओला पंचा पिळावा तसा. कळी असताना हा ओठ वरच्या बाजूला असतो. उमलता उमलता फूल देठावर अर्धा फेरा घेतं आणि ओठ खाली येतो. कशाला? किड्याला उतरायला ओटा पाहिजे म्हणून. बहुतेक आमरी हा अर्धा फेरा घेतात. रोज संध्याकाळी दारात बाज टाकणाऱ्या माणसासारखी ही पाहुण्याची सोय.

ओट्याच्या वर, फुलाच्या मधोमध एक आखूड खांब असतो. इतर फुलांत पुंकेसर वेगळे, स्त्रीकेसर वेगळा. जास्वंदीत बोट घातलं की पिवळी पूड लागते. आमरीत नर आणि मादी दोन्ही त्या एका खांबात वितळून एक झालेले. टोकाला टोपी, टोपीखाली परागांच्या दोन मेणचट गोळ्या, आणि त्या गोळ्यांना खाली चिकट बूड. मी गवताची एक काडी घेऊन, ओठावरच्या कंगोऱ्यांवरून सरकवत आत नेली आणि हळूच बाहेर ओढली. टोपी उडाली. काडीच्या टोकाशी दोन पिवळे मणी, डिंकानं चिकटवल्यासारखे. झटकले, निघेनात.

"त्याच्या पाठीवर बसते मंग थे," सोबतचा म्हणाला. भुंग्याबद्दल बोलत होता. त्यानं पाहिलं असणार.

हाच खेळ चार्ल्स डार्विन केंट परगण्यातल्या आमरींशी पेन्सिलीच्या टोकानं खेळला होता. 1862 साली त्यानं आमरींच्या परागीकरणावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्या आमरीत एक आणखी गंमत होती. पेन्सिलीला चिकटलेले परागांचे गठ्ठे आधी ताठ उभे असत आणि साधारण अर्ध्या मिनिटात पुढे वाकत. तेवढ्या वेळात किडा दुसऱ्या झाडावर पोचलेला असतो. गठ्ठे आता बरोबर पुढच्या फुलाच्या ग्रहणाच्या जागी टेकतात. आपलेच पराग आपल्याला लागू नयेत म्हणून अर्ध्या मिनिटाचं घड्याळ!

बरं, भुंग्याला या सगळ्यात मिळतं काय? पुष्कळदा काहीच नाही. आमरींतल्या सुमारे एक तृतीयांश जाती किड्यांना फसवतात असं वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात, आणि युलोफियाच्या कुळीत हे ठकवणं बरंच आहे. पिवळा रंग, ओटा, आतले कंगोरे, सगळा थाट मधाच्या फुलाचा, मध नाही. नवशिका भुंगा एकदा फसतो, चिडून दुसऱ्या फुलावर जातो, तिथं पुन्हा फसतो. त्या दोन फसवणुकांत झाडाचं काम होऊन जातं. आठवडी बाजारात एकाच माणसाकडून दोनदा गंडणारी गिऱ्हाइकं आपणही पाहिली आहेत, त्यामुळे मला भुंग्याबद्दल फार कमीपणा वाटत नाही.

फसवणूक साधली की फुलामागे शेंगेसारखं बोंड धरतं आणि इथून पुढे गोष्ट माझ्या समजुतीच्या बाहेर जाते.

बोंड वाळून उभं चिरतं आणि आतून धूर निघाल्यासारखं बी उडतं. धूरच म्हणावं लागेल. आमरीचं सगळ्यांत जड बीसुद्धा ग्रॅमच्या चाळीस हजाराव्या हिश्शापेक्षा फारसं जड नसतं. ज्वारीचा एक दाणा तराजूत टाकला तर दुसऱ्या पारड्यात आमरीचं हजारावर बी टाकावं लागेल, आणि हलक्या जातींचं असलं तर लाखाच्या घरात. डार्विननं एका विलायती आमरीचं बी मोजून हिशेब मांडला: एका झाडाचं एका मोसमात 1,86,300. सगळंच्या सगळं उगवलं तर त्या एका झाडाची पतवंडं पृथ्वीवरची सगळी जमीन झाकून टाकतील. मग झाकत का नाहीत, हा प्रश्न त्यानं विचारला आणि उत्तर त्याला मिळालं नाही.

उत्तर बियाच्या हलकेपणातच आहे. ज्वारीच्या दाण्यात शिदोरी असते. कोंबाला पहिलं पान फुटेपर्यंत पुरेल एवढं पीठ आईनं बांधून दिलेलं. तेच पीठ आपण दळून भाकरी करतो. आमरीच्या बियात पीठ नाही. एक पातळ सालपट, आत मूठभर पेशी, बस्स. ओल मिळाली तरी ते आपल्या हिमतीवर रुजू शकत नाही. 3 मे 1899 या दिवशी फ्रान्समधल्या फाँतेनब्लोच्या रानात नोएल बर्नार या तरुणाला पाचोळ्याखाली आमरीची नुकती रुजलेली रोपं सापडली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर प्रत्येक रोपाच्या पेशींत बुरशीच्या धाग्यांची भेंडोळी. बर्नारनं ओळखलं की बुरशी हा रोग नाही, दाई आहे.

घडतं ते असं. पाचोळा कुजवणारी एक बारीक बुरशी मातीत पसरलेली असते. तिचा धागा बियात शिरतो. शिरतो तो खायलाच, असं समजायला हरकत नाही. पण आमरीचं पोर त्या धाग्याला पेशीत गुंडाळून घेतं आणि पचवून टाकतं. घरात शिरलेल्या चोराकडूनच रोजचं दळण करून घ्यावं तसं. कुजक्या पानातली साखर बुरशीच्या नळीतून पोराच्या पोटात जाते. पोर मातीखाली, अंधारात, हिरवेपणाचा एक कणही अंगात नसताना, महिनोन् महिने, काही जातींत काही वर्षं वाढतं. तोवर सूर्य त्याला ठाऊक नाही. मग एका पावसाळ्यात पहिलं पान बाहेर.

बियाला शिदोरीऐवजी बाटलीतून साखर द्यायची युक्ती 1922 साली अमेरिकेत लुईस नडसननं शोधली, आणि त्यावरच आजचा आमरींचा जगभरचा बाजार उभा आहे. थर्माकोलच्या पेटीतल्या त्या जांभळ्या फुलांच्या मागे बाटल्यांतली साखर आहे. धारणीच्या रानातल्या पिवळ्या फुलामागे सागाचा कुजलेला पाचोळा आहे.

म्हणून हिचं घर कोणतं, याचं उत्तर नकाशावर बोट ठेवून देता येत नाही. मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. सातपुड्याच्या गाविलगड रांगेतले काळ्या दगडाचे डोंगर एकमेकांत गुंतलेले, उत्तरेला तापी, मधून सिपना, गडगा, खापरा अशा नद्या. सिपना म्हणजे कोरकूत साग, असं सांगतात. नदीलाच सागाचं नाव. पाऊस साधारण हजार ते पंधराशे मिलीमीटर, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने हे रान वाळत जातं, आणि फाल्गुन-चैत्रात एखादी काडी पुरते. वणवा जमिनीवरून सरपटत जातो, पाचोळा, गवत, रोपं खाऊन टाकतो.

अशा ठिकाणी नाजूक म्हणून मिरवणारी आमरी राहते कशी? वर राहतच नाही. दिवाळीपर्यंत पानं पिवळी पडून गळतात आणि झाड खाली उतरतं. खाली कंदांची माळ असते, वेडेवाकडे, गाठीगाठीचे, एकाला एक लागून. दर पावसाळ्यात एक नवा मणी. आग वरून जाते तेव्हा माती वरच्या थरातच तापते, बोटभर खाली कंद निवांत. बारा महिन्यांचा हिशेब केला तर फुलाचे दिवस दोन-तीन आठवडे, पानांचे चार-पाच महिने, बाकी सगळं आयुष्य काळोखात. त्या दोन-तीन आठवड्यांची वेळही कशी साधली आहे पाहा. मृग-आर्द्रात सागाला नुकती पालवी फुटत असते, छत अजून फाटकं असतं, उन्हाचे कवडसे थेट जमिनीवर पडतात, गवत घोट्याएवढंही नसतं. महिनाभरात सागाची पानं सुपाएवढी होतील आणि खाली अंधार पडेल. त्याच्या आत फूल दाखवून, भुंगा गंडवून मोकळं व्हायचं. ही घाई माझी अटकळ आहे, पण त्या दिवशी रानात उभं राहून दुसरं काही सुचत नव्हतं.

खाली राहण्याची ही हौस आमरींच्या गोतावळ्यात पुष्कळांना आहे. सह्याद्रीच्या सड्यांवर आषाढात पांढऱ्या आषाढ आमरीची नक्षी उमटते, ती हॅबेनारिया कुळीतली. तिच्या खाली दोन गोटे असतात, एक मागच्या वर्षीचा, सुरकुतत चाललेला, दुसरा पुढच्या वर्षाचा, गुबगुबीत. जुन्यातलं धान्य काढून खायचं, नव्यात भरून ठेवायचं. दोन कणग्यांचा संसार. अशाच दोन गोट्यांवरून ग्रीकांनी त्यांच्याकडच्या आमरीला ऑर्किस म्हटलं, म्हणजे वृषण, आणि त्यातूनच ऑर्किड हा शब्द आला. साहेबी लग्नात कोटाला लावायच्या फुलाच्या नावाचा अर्थ लावणाऱ्याला ठाऊक नसतो ते बरंच आहे. नर्व्हिलिया नावाची आणखी एक आमरी याहून तऱ्हेवाईक. तिचं फूल आधी येतं आणि जातं, मग जमिनीला टेकून एकच पान येतं. फूल पाहणाऱ्याला पान दिसत नाही, पान पाहणाऱ्याला फूल. सगळ्यांवर ताण म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियातली रिझँथेला. 1928 साली एका शेतकऱ्याला आपल्या जमिनीत खणताना ती सापडली. तिला पान नाही, हिरवेपणा नाही, आणि ती फुलते तेही मातीच्या आत. जन्मभर बुरशीच्या हातचं खाणारी.

गोटे आणि वृषण यांच्या दिसण्यावरून माणसानं काढायचा तो निष्कर्ष काढला. तुर्कस्तानात या कंदांच्या पिठाचं सालेप दुधात उकळून पितात. अठराव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर सलूप या नावानं ते विकलं जाई. आपल्याकडे सालममिश्री म्हणून ताकदीच्या औषधांत जे येतं त्यात हिमालयातल्या आमरीचे कंद असतात, आणि त्यांच्या जागी युलोफियाचेही खपवले जातात. पुरुषार्थाच्या आशेनं किती मण आमरी उकरली गेली असेल याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

मेळघाटात मात्र गोष्ट भुकेची आहे. या डोंगरांचं नाव वर्तमानपत्रांत वाघाखालोखाल कुपोषणाच्या बातम्यांत येतं. त्याच डोंगरांत रानकंद, रानभाज्या, फळं यांची केवढी मोठी जाण लोकांच्या हातात आहे, हे अमरावतीच्या शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेतल्या वनस्पती अभ्यासकांनी नोंदवून ठेवलं आहे. युलोफियाच्या कंदाचं पोषणमूल्यही त्यांनी प्रयोगशाळेत तपासलं. म्हणजे सोबतचा गडी फुलाला कंद म्हणाला त्यामागे ताटाची आठवण होती.

"माय खणे," तो सांगत होता. "उकडाचा, साल काढाची. चिकट लागते. मोठा मनी घ्याचा, शेवटचा लहान तिथंच दाबून द्याचा. आता कोनी नाई खनत. दुकानात सगळं भेटते."

शेवटचा लहान मणी म्हणजे नेमका पुढच्या वर्षीचा डोळा. त्याच्या मायेनं नर्सरी पाहिली नसेल, पण माळेचं टोक कोणतं हे तिला माहीत होतं. रानडुकराला ते माहीत नसतं. मुस्कटानं उकरतं आणि सगळी माळ खाऊन जातं. खरेदीला येणाऱ्या व्यापाऱ्यालाही माहीत नसतं, किंवा माहीत असून उपयोग नसतो, कारण तो वजनावर घेतो. कागदावर सांगायचं तर जगातल्या सगळ्या आमरी वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या आहेत, परदेशी धाडायच्या तर परवाना लागतो. आठवडी बाजारातल्या पाटीत कंद कुठल्या जातीचा, हे ओळखणार कोण, हा प्रश्न करार सोडवत नाही.

आणि मोजदाद? मेळघाटात वाघ मोजतात, तेही रात्री आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावून. रानपिंगळा नावाचं एक घुबड 1884 नंतर एकशे तेरा वर्षं गायब होतं, संपलं असंच धरलं होतं. ते 1997 साली शहाद्याजवळ दिवसाढवळ्या झाडावर बसलेलं सापडलं आणि मग मेळघाटातही भरपूर निघालं. पक्षी निदान उडतो, ओरडतो. जमिनीतली आमरी एखाद्या वर्षी वर येतच नाही. जगात अनेक ठिकाणी खुणा करून पाहिलंय. काही जातींची झाडं वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त दडी मारतात आणि मग जणू काही झालंच नाही अशी त्याच जागी उगवतात. बुरशी खाऊ घालत असते, वर यायची निकड काय? त्यामुळे यंदा दिसली नाही म्हणजे मेली, असं म्हणता येत नाही. दिसली म्हणजे सुखात आहे, असंही नाही. एखादं रान साफ करून, पाचोळा झाडून, नांगर घालून पुन्हा सागच लावला, तर वरून साग तोच दिसेल. खालचं धाग्यांचं जाळं तुटलेलं असेल, आणि वाऱ्यावर आलेल्या लाख बियांना दाई मिळणार नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये धारणीला जाणं झालं. त्याच गड्याला गाठला, त्याच रानात गेलो. आठ-दहा दिवसांपूर्वी आग गेली होती. जमीन काळी, सागाचे बुंधे गुडघ्यापर्यंत काळे, पाऊल टाकलं की राख उडे. खुणेचा साग सापडला. त्याच्या बुडाशी काहीच नव्हतं. ना दांडा, ना वाळकं बोंड, ना पानांचं आवरण. त्यानं चपलेच्या टोकानं एक जागा दाखवली, "हे इथं."

मी खाली बसलो आणि काटकीनं राख सारली. राखेखाली माती होती, तांबूस, गार. आणखी खरवडायला लागलो तसा त्यानं माझं मनगट धरलं.

"राहू द्या जी. झोपली हाये थे."

काटकी टाकून मी हात झटकले. बोटांना काजळी लागली होती, आणि नखांत, काजळीखाली, थोडी ओल.